कॅप्टनच्या गुडघ्याचा हिवाळा

तबूकला थंडी पडू लागली की वाऱ्याला जळत्या लाकडाचा वास येतो. माणसं आत लोकर लावलेले जाड झगे कपाटातून काढतात, चहाच्या टपऱ्यांवर पुदिन्याबरोबर दालचिनीचा वास सुटतो, आणि सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठून बसलेलं असतं. ते खरवडायला माझ्याजवळ कधीच काही नसतं. मी जुनं एटीएम कार्ड वापरतो. पण हिवाळा सुरू झाला हे मला खरं कळतं ते बुटांच्या आवाजावरून. बास्केटबॉलच्या हॉलमधल्या लाकडी जमिनीवर धावता धावता कुणी एकदम थांबलं की बुटाचा तळवा किंचाळतो. एका वेळी दहाजणांचे बूट किंचाळले की पाखरांचा थवा छताखाली अडकल्यासारखा वाटतो. काल संध्याकाळी हॉलवरून जाताना तो आवाज ऐकला. गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि थोडा वेळ नुसताच ऐकत बसलो.  मागच्या हिवाळ्यात हा आवाज आला की मी उपचाराच्या खोलीचं दार लावून घ्यायचो.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळचा इस्लामपूरचा, आता बरीच वर्षं अरबांच्या मुलखात, तबूकच्या एका खाजगी हॉस्पिटलात. इथल्या एका क्लबच्या बास्केटबॉल संघाची देखभाल आमच्या हॉस्पिटलकडे होती, आणि मागच्या हंगामात ते काम माझ्याकडे आलं. त्याच हंगामात कॅप्टन हमूद परत आला.

इथे जुन्या खेळाडूला नावाआधी कॅप्टन म्हणतातच, पण हमूदच्या बाबतीत तो शब्द नुसता मानाचा नव्हता. तो तबूकचाच. तरुणपणी जेद्दाच्या मोठ्या क्लबकडे गेला, तिथे चषक जिंकले, देशाकडून खेळला. बकाल्यापासून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासून, बँकेपर्यंत सगळ्यांना त्याची चाल माहीत होती: उजवा खांदा जरा पुढे, हात लोंबते. चाळिशी दिसू लागली तेव्हा जेद्दाच्या क्लबनं त्याला सन्मानानं निरोप दिला, आणि आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी त्याला तीन हंगामांचा करार देऊन घरी आणलं. करार एवढा मोठा की त्यापायी दोन चांगले तरुण खेळाडू सोडून द्यावे लागले. त्याचं स्वागत झालं त्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका वरच्या गॅलरीतून फोन उंच धरून चित्रण करत होत्या, त्यात माझी मुलगी सईही होती. अध्यक्षांनी, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या एका थकलेल्या आणि प्रेमळ गृहस्थांनी, त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही.

तो माझ्या टेबलावर आला तो त्यानंतरच्या आठवड्यात.

गुडघा हातात घेतला की आमच्यासारख्यांना यंत्राआधी पुष्कळ कळतं. डावा तळहात वाटीवर ठेवायचा, उजव्या हातानं पाय हळूहळू दुमडायचा आणि सरळ करायचा. तरुण गुडघा तेल दिलेल्या बिजागरीसारखा फिरतो. हमूदचा गुडघा माझ्या तळहाताखाली करकरला. ओल्या वाळूवरून चालल्यासारखी करकर. मी पुन्हा एकदा करून पाहिलं. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसला.

"बोल," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, माझं अरबी कामापुरतं, त्यामुळे आमचं बोलणं दोन्हींची खिचडी असायचं.

"कॅप्टन, या गुडघ्यावर अख्खा सामना खेळायचा नाही."

"अर्धा?"

"अर्धाही जास्त झाला. माझं ऐकाल तर थांबा."

"थांबू कसा? सही तर झालीये."

आतल्या हाडावरचा मऊ थर झिजून कागदासारखा झाला होता, हे नंतर तपासणीतही दिसलं. मी संघाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी अध्यक्षांनाही सांगितलंय. पण तिकिटं गेलीत. तू त्याला उभा ठेव, बाकीचं आम्ही बघतो."

मग मी त्याला उभा ठेवण्याच्या कामाला लागलो. बर्फ, पट्ट्या, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, साचलेलं पाणी उतरवणं. सामना संपला की गुडघा पाव फुगावा तसा फुगायचा, दोन-तीन दिवसांत उतरायचा, की पुढचा सामना. संघ हरू लागला. आधी थोडक्यात, मग चांगल्या फरकानं. हमूद चेंडू अजूनही असा टाकायचा की डोळे निवावेत, पण परतीला धावताना मागे राहायचा, आणि समोरच्या संघाला ते दोन सामन्यांत कळलं. प्रशिक्षक बिचारा बाहेरच्या देशातून आलेला. त्याला हमूदला बाहेर बसवायचं असायचं. पण बसवलं की हॉल ओरडायचा, आणि खेळवलं की हॉल ओरडायचा.

आणि मग शहराला एकच विषय मिळाला. चूक कोणाची?

हसनभाईंच्या बकाल्यात हा वाद रोज संध्याकाळी नव्यानं सुरू व्हायचा. हसनभाई राजापूरचे, तबूकमध्ये त्यांना एवढी वर्षं झाली आहेत की अरबी गिऱ्हाइकं त्यांना आपल्यातलेच समजतात. त्यांच्या दुकानात पोहे, कोकम, सुके सोडे आणि गोडा मसाला मिळतो, म्हणून तबूकमधला मराठी माणूस आठवड्यातून एकदा तरी तिथे येतोच. नमाजाच्या वेळी शटर अर्धं खाली येतं, नंतर वर जातं आणि वाद जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो.

"रईसची चूक," हसनभाई काट्यावर डाळ ओतत म्हणायचे. रईस म्हणजे अध्यक्ष. "म्हाताऱ्याला फोटो काढायचा होता. मी तुम्हाला सांगतो डॉक्टर, घोडा घ्यायचा तर दात बघून घ्यावा की नाही? याने नुसती आयाळ बघितली." मी डॉक्टर नाही हे मी त्यांना कितीदा सांगितलं, पण त्यांच्या लेखी पांढरा कोट घालतो तो डॉक्टर.

माझी बायको वैशाली इथल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. तिचं मत वेगळं. "देणाऱ्यानं दिलं हो. घेणाऱ्याला तोंड नव्हतं का? स्वतःचं शरीर स्वतःला कळत नाही?"

"अहो भाभी, घरी बोलावलं तर नाही कोण म्हणतं?"

"म्हणावं लागतं, हसनभाई."

सई तेव्हा दहावीत होती आणि शाळेच्या संघात खेळायची. तिचा राग सगळ्यांवर. "इट्स द फॅन्स! आधी डोक्यावर घेतात आणि मग बू करतात. हाऊ इज दॅट हिज फॉल्ट?" मग माझ्याकडे वळून, "बाबा, तुम्ही तर रोज बघता त्याला. तुम्ही का नाही बोलत काही?"

मी कोकमाची पिशवी उलटीसुलटी करून बघत राहायचो. माझ्या टेबलावर झोपलेल्या माणसाचं दुखणं माझं नव्हतं, त्याचं होतं. ते मी दुकानात कसं वाटू? सगळे बोलत असताना ज्याला माहीत आहे त्यानं गप्प राहणं फार दमवणारं असतं, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. घरी आलो की पाठ धरायची.

एक सामना विसरता येत नाही. घरच्या मैदानावरचा, शेजारच्या हाइलच्या संघाविरुद्ध. हॉलमध्ये हीटर लावलेले, तरी बाहेरची थंडी दार उघडलं की पायाशी यायची. शेवटची काही मिनिटं राहिली असताना हमूदच्या हातात चेंडू आला, पुढे कुणी नाही, मोकळी वाट. आयुष्यभर जी उडी त्यानं झोपेतही मारली असती, ती मारायला तो वाकला आणि गुडघा वर आलाच नाही. चेंडू कड्याच्या खालच्या कडेला लागून परत आला.  मग शिट्ट्या. एवढ्या शिट्ट्या की वरच्या गॅलरीत सईनं कानांवर हात ठेवलेले मला खालून दिसले.

नंतर उपचाराच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी बर्फाची पिशवी बांधत होतो. खोलीत मलमाचा उग्र वास आणि बर्फ सरकल्याचा आवाज.

"तुमच्या हिंदी लोकांत काय म्हणतात?" त्यानं विचारलं. "कोणाची चूक?"

मी टाळायला पाहिलं. तो म्हणाला, "सांग. तिकडे माझ्या भावानं मला फोनवर लोक काय लिहितात ते दाखवणंच बंद केलंय."

"माझा दुकानदार मित्र म्हणतो, रईसची."

"आणि?"

"माझी मुलगी म्हणते, प्रेक्षकांची."

"देव तिचं भलं करो. आणि तुझी बायको?"

मी बर्फाची पिशवी पुन्हा एकदा बांधायला घेतली. तो मोठ्यानं हसायला लागला. हसताना गुडघा हलला आणि कळ आली, तरी हसतच राहिला. "शहाणी आहे," तो म्हणाला. मग हसू ओसरलं. "जेद्दाला माझं जेवण झालं की नाही हे विचारणारे पगारी लोक होते. इथे आईनं विचारलं. मी करार वाचलाही नाही नीट. मला वाटलं, घरी आलो की गुडघाही घरी येईल."

 मी पट्टी जरा सैल केली.

फेब्रुवारीत चूक शोधणारं बोट फिरत फिरत माझ्या दारात आलं. क्लबच्या समितीतल्या एका सभासदानं कुठल्याशा मुलाखतीत सांगितलं की खेळाडू चांगला होता, उपचारांत हयगय झाली. माझं नाव त्यानं घेतलं नाही, पण क्लबला फिजिओ एकच होता. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता; कसं सांगावं या विचारात त्याच्या टेबलावरचा चहा निवून गेला होता. "क्लबनं तक्रार केली आणि काम काढून घेतलं, तर मला तुझ्यासाठी जागा दाखवता येणार नाही," तो म्हणाला. "तुझा इकामा याच महिन्यात नवा करायचा आहे ना?"

इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. माझा संपला की वैशालीचा आणि सईचाही संपतो, कारण त्या दोघी माझ्या नावावर आहेत. आणि सईची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती.

घरी सांगितलं तेव्हा वैशाली पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. "पण तू तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस."

"डॉक्टरांना सांगितलं होतं."

"मग डॉक्टर बोलतील की."

डॉक्टर बोलले नाहीत. मी फोन केला तेव्हा म्हणाले, बघू, शांत रहा, आता मध्ये पडणं बरं नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याही घरी इकामे होते.

त्या दिवसांत मला शहर निराळं दिसायचं. भाजीच्या बाजारातले स्ट्रॉबेरीचे खोके, शाळेच्या फाटकातली गर्दी, आमच्या गल्लीतला तो येमेनी रोटीवाला, ज्याची भट्टीतली रोटी घेताना बोटं भाजतात, हे सगळं मी निरोप घ्यायचा असल्यासारखा बघायचो. सई दिवाणखान्यात भूमितीची प्रमेयं मोठ्यानं पाठ करायची आणि मध्येच थांबून आमच्या खोलीकडे कान द्यायची. आम्ही हळू बोलायचो. हळू बोलण्यानंच तिला सगळं कळत होतं. हसनभाई एकदा न सांगता घरी आले, कोकमाची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्या दुकानात आता या विषयावर बोलायचं नाही असं मी सांगून टाकलंय. आपण टाइमपास म्हणून बोलत होतो, डॉक्टर. कोणाच्या घरापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं." 

मग क्लबवर बोलावणं आलं. दुपारची नमाज झाली की या.

ती बैठकीची खोली अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतीला लागून गालिचे आणि तक्के, कोपऱ्यात चषकांचं कपाट, मध्ये खजुरांचं ताट. कुणीतरी माझ्या हातात बिनसाखरेच्या अरबी कॉफीचा छोटा पेला दिला. अध्यक्ष समोर बसलेले, हातात जपमाळ. तो सभासद त्यांच्या उजवीकडे. डॉक्टर खिडकीपाशी. त्या सभासदानं बोलायला सुरुवात केली: उपचार केव्हा सुरू झाले, पाणी का साचत राहिलं, एवढ्या मोठ्या खेळाडूची अशी अवस्था का झाली. मी उत्तरं जुळवत होतो आणि माझं अरबी ऐन वेळी मला सोडून चाललं होतं. डॉक्टरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

तेवढ्यात दार उघडलं आणि हमूद आत आला. त्याला बोलावलेलं नव्हतं. लांब पांढरा झगा, पायात साधी चप्पल, आणि लंगडत. हॉलमध्ये तो कधी लंगडायचा नाही, दात आवळून सरळ चालायचा. त्या दिवशी लपवलं नाही. सगळ्यांना सलाम करून तो माझ्या शेजारी येऊन बसला. बसताना त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"या माणसानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, खेळू नका," तो म्हणाला. "मला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. आणि डॉक्टरांनी, अम्मी, तुम्हाला सांगितलं. बरोबर?" अम्मी म्हणजे काका. अध्यक्षांना तो तशीच हाक मारायचा.

जपमाळ थांबली. डॉक्टरांनी खिडकीवरची नजर काढली आणि म्हणाले, "बरोबर." एकच शब्द. पण तो म्हणताना त्यांचे खांदे खाली आले.

"सही माझी होती," हमूद म्हणाला. "शिक्का तुमचा. याचा हात फक्त माझ्या गुडघ्यावर होता. याला घरी जाऊ द्या." सभासद काही बोलू लागला, तर हमूदनं त्याच्याकडे न बघताच हात वर केला. "आणि मलाही. खलास. मी खेळणार नाही. पुढचे दोन हंगाम तुम्ही मला देऊ नका, मी मागणार नाही. पोरांना घ्या."

 अध्यक्षांनी डोळे पुसले, अगदी उघडपणे. "मला वाटलं होतं, तू आलास की हॉल भरेल," ते म्हणाले.

"भरला की, अम्मी. दर सामन्याला भरला. शिट्ट्या मारायला का होईना."

आधी अध्यक्षच हसले. दाढी हलली, मग पोट हललं, मग सगळे. मीही हसलो, आणि हातातली निवलेली कॉफी एका घोटात संपवली.

अनेक दिवस आखडलेला स्नायू सुटतो तेव्हा आधी कळतं ते दाबणाऱ्या अंगठ्याला. गाठ आहे, आहे, आहे, आणि मग अचानक तिथे नुसतं मांस असतं, गरम आणि मऊ. रोग्याला ते उशिरा कळतं. तो थोड्या वेळानं म्हणतो, अरे, श्वास घेता येतोय की. मी गाडीत जाऊन बसलो, चावी लावली, आणि फिरवायचं राहूनच गेलं. समोर क्लबचा माळी गुलाबांना पाणी घालत होता. नळीतून उडणाऱ्या पाण्यात ऊन पडलं होतं. ते किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मग मीही तेच म्हणालो, एकट्यानंच, मराठीत.

वैशालीला फोन न करता घरीच गेलो. ती दारातच उभी होती. माझा चेहरा पाहिला आणि खाली चपलांच्या शेजारी बसलीच. मी पण बसलो. सई पुस्तक हातात घेऊन बाहेर आली, आम्हा दोघांना जमिनीवर बघून घाबरली.

"सो... वी आर स्टेइंग?"

"हो."

"मग असे का बसलात? गेट अप ना, प्लीज." आणि तीही आमच्यात येऊन बसली.

पुढे संघानं काही चमत्कार केला नाही. तरुण पोरं खेळली, काही सामने हरली, जेमतेम जिंकायला हवे तेवढे जिंकली, आणि वरच्या गटात टिकली. तो सभासद मला एकदा हॉलच्या पायऱ्यांवर भेटला. कुटुंबाची विचारपूस केली, हात जरा जास्त वेळ हातात धरला. इथे माफी अशीही मागतात. इकामा नवा झाला. सईचे पेपर बरे गेले.

चूक कोणाची होती, याचा मी अजूनही कधी कधी विचार करतो. एका म्हाताऱ्याला आपल्या गावाचा मुलगा परत हवा होता. मुलाला घर हवं होतं. लोकांना त्यांची जुनी संध्याकाळ परत हवी होती. यात कुणाला धरून भिंतीशी उभं करायचं? आणि तरी दोन तरुण खेळाडू गेले, एका माणसाचा गुडघा गेला, आणि माझं घर जाता जाता राहिलं, हेही खरंच. एका माणसानं उठून आपला वाटा आपला म्हणून उचलला, तेव्हा बाकीच्यांनाही आपापला वाटा दिसला. एवढंच मला त्या खोलीत दिसलं, आणि ते मला पुरलं.

मार्चच्या अखेरीस हमूदनं आम्हाला भावाच्या शेतावर बोलावलं. हसनभाईंनाही. तबूकच्या बाहेर पीचच्या बागा आहेत. त्या वेळी झाडांना पानं यायच्या आधीच गुलाबी फुलं येतात. गालिचा झाडाखाली अंथरलेला. त्याच्या बहिणींनी वैशालीला आणि सईला पलीकडच्या तंबूत नेलं होतं, तिथून हसण्याचे आवाज येत होते. मोठ्या परातीत मटण-भात आला. हमूदच्या म्हाताऱ्या आईनं स्वतः आमच्यात येऊन हसनभाईंच्या पुढ्यात परत परत वाढलं आणि हसनभाई परत परत अल्हमदुलिल्लाह म्हणत खात गेले. नंतर पुदिन्याचा चहा झाला, आणि हसनभाईंना राहवलं नाही.

"नाही, पण मला एक सांगा," ते हमूदच्या भावाला अरबीत म्हणाले, "प्रशिक्षकानं पहिल्या महिन्यातच बसवलं असतं तर?"

झालं. भाऊ म्हणाला, प्रशिक्षक काय करणार. चुलत भाऊ म्हणाला, करायला हवं होतं. कुणी पंचांना मध्ये आणलं, कुणी जेद्दाच्या क्लबला. हसनभाई मला मराठीतून सांगत होते, त्यांना अरबीतून, आणि हातवारे दोन्ही भाषांसाठी सारखेच. आवाज चढले. कुणीतरी म्हणालं, कॅप्टनलाच विचारा.

आम्ही वळून पाहिलं. कॅप्टन हमूद तक्क्यावर डोकं ठेवून झोपला होता. तोंड उघडं, डावा पाय सरळ ताणलेला, दाढीत दोन-तीन पाकळ्या अडकलेल्या, आणि घोरणं असं की झाडाखालच्या वाऱ्यालाही वाट द्यावीशी वाटावी.

हसनभाईंनी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. मग ते पुढे सरकले, भावाकडून त्याचा जाड झगा मागून घेतला, आणि झोपलेल्या माणसाच्या छातीपर्यंत हलकेच पांघरला.